पाण्यातील सराव एक नव्हे, दोन

संपादक महोदय,

गगनयान मोहिमेच्या बातम्यांमध्ये अंतराळवीरांच्या पाण्यातील सरावाचा उल्लेख हल्ली वारंवार येतो. मात्र त्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. समुद्रात उतरलेल्या यानाच्या कुपीतून सुखरूप बाहेर पडण्याचा सराव ही एक गोष्ट असून त्यासाठी कोची येथे नौदलाची सोय आहे. यानाबाहेर तरंगत काम करण्याचा सराव ही दुसरी. गगनयानाच्या पहिल्या उड्डाणांना तिची गरज नसली, तरी २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक उभारू पाहणाऱ्या देशाला तिचा विचार आतापासूनच करावा लागेल.

जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-९ यानाबाहेर आलेले अंतराळवीर यूजीन सर्नन धड आधार न मिळाल्याने इतके थकले की शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली आणि काम अर्धवट सोडावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बझ ऑल्ड्रिन यांनी आधी तलावात तालीम केली होती; पाय अडकवायला खोबणी आणि धरायला मुठीही होत्या, त्यामुळे जेमिनी-१२ च्या वेळी ठरलेली कामे पार पडली. आज अमेरिकी अंतराळ संस्था नासाच्या ह्यूस्टन येथील ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल तलावात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या भागांच्या पूर्णाकृती प्रतिकृती बुडवलेल्या असतात. अंतराळवीर बुडूही नये व वरही येऊ नये, इतके वजन पाणबुडे त्याच्या पोशाखाला बांधतात आणि सराव कधी कधी सहा तास चालतो.

पाण्यात गुरुत्वाकर्षण नाहीसे होते, हे मात्र खरे नाही. उलटे झाल्यावर पोशाखातल्या माणसाचे रक्त डोक्याकडे धावतेच. शिवाय ढकललेली वस्तू पाण्यात लगेच थांबते, अंतराळात ती पुढे जातच राहते. पाणी काय चुकीचे शिकवते, हेही प्रशिक्षकाला ठाऊक असावे लागते. अवजारांच्या चाचणीसाठी मात्र तलाव फार उपयोगी पडतो, कारण हवेच्या दाबाने फुगलेल्या हातमोज्यातून अवजाराची मूठ नीट पकडता येते का, बोल्टपर्यंत पाना पोहोचतो का, हे कागदावर कळत नाही. अशी अवजारे घडवून ह्यूस्टनच्या तलावात तपासून घेण्याची संधी नासाने 'मायक्रो-जी नेक्स्ट' या उपक्रमातून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही दिली आहे.

ओझरच्या कारखान्यामुळे विमानबांधणीशी जुने नाते असलेल्या नाशिकमध्ये अभियांत्रिकीची महाविद्यालये पुष्कळ आहेत. प्राथमिक चाचणीला बारा मीटर खोली लागत नाही. जाड हातमोजे, प्रशिक्षित पाणबुडा आणि जीवरक्षक असले की साधा तलावही चालतो. महापालिकेने आपला एखादा जलतरण तलाव दुपारच्या रिकाम्या वेळेत अशा प्रकल्पांसाठी द्यावा आणि विद्यापीठाने त्या कामाला गुण द्यावेत, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

— एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, नाशिक