रविवारी बोन्साय पॉट, येताना ओला टॉवेल आणा

मंडळी, रविवारी सकाळी ९ ला नेहमीच्या जागी पॉट बनवायला बसतोय. साच्याशिवाय करणाऱ्यांनी माती ८-१० मिमी जाड लाटायची, स्टीलच्या भांड्याचा साचा आणणाऱ्यांनी आतून पेपर लावायचा नाहीतर माती सुटत नाही. जोडाला ओरखडे मारून पातळ माती लावाच. मागच्या वेळी मी ट्रे गच्चीवर ठेवला आणि आपलं सोलापूरचं ऊन, तासाभरात कोपऱ्यातून चीर वरपर्यंत, फार जीवाला लागलं. म्हणून घरातला जुना सोलापुरी टॉवेल ओला करून पिळून आणा, पॉट झाकून सावलीत हळूहळू वाळवायचे. पाणी निघायची आणि झाड बांधायच्या तारेची भोकं माती अर्धवट वाळून चामड्यासारखी झाली की पाडा. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची माती) वाळून आणि भाजून मिळून साधारण १०-१२ टक्के आटते, त्यामुळे माप मोठंच धरा.