पातेल्यातली कॉफी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कॉफीचं मशीन घेऊ का, असं तू विचारलं आहेस. आत्ता घेऊ नकोस. तेच पैसे चांगल्या बियांना लाव. पूड किती, ती केवढी जाड, पाणी किती गरम आणि दोघं किती वेळ एकत्र, एवढ्यावर कॉफीची चव ठरते, आणि या चारही गोष्टी तुझ्या स्वयंपाकघरातल्या झाकणाच्या पातेल्यात सांभाळता येतात. तेच पातेलं तुझ्याबरोबर गडावरही येतं, मशीन येत नाही.

आधी माप. एका माणसाला २५० मिली पाणी आणि १५ ग्रॅम पूड, म्हणजे लिटरला ६० ग्रॅम. पूड स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी पिऊन बसते, त्यामुळे कपात २२० मिलीच उतरेल. घरात वजनकाटा असेल तर पोह्याच्या सपाट चमच्यात किती ग्रॅम पूड बसते ते एकदा मोजून ठेव. साधारण ५ ग्रॅम भरते, पण चमच्यागणिक आणि दळणागणिक फरक पडतो. आपल्या चमच्याचं माप कळलं की काट्याचं काम संपलं. बहुतेक घरांत कॉफी बिघडते ती इथेच. पूड कमी पडते, कॉफी पांचट लागते, मग ती भरून काढायला सगळं एकत्र उकळत बसतात. उकळून रंग गडद होतो खरा, पण चव कडू आणि तुरट होते.

आता कृती. पाण्याला खळखळून उकळी येऊ दे, गॅस बंद कर, अर्धा मिनिट थांब. भाजणी फार गडद असेल तर मिनिटभर थांब, कारण काळपट भाजलेल्या बिया कडवटपणा लगेच सोडतात. पूड घाल आणि सगळी ओली होईल इतपतच तीन-चार वेळा ढवळ. बिया ताज्या भाजलेल्या असतील तर पूड फसफसून फुगून वर येईल. भाजताना बियांत अडकलेला वायू बाहेर पडतो, त्याची ही खूण. पूड ढिम्म पडून राहिली तर माल बहुधा जुना आहे. झाकण ठेव आणि चार मिनिटं पातेल्याला हात लावू नकोस.

झाकण काढलंस की वर तपकिरी थर जमलेला दिसेल. चमच्याच्या पाठीने तो हलकेच मोड. पूड पाण्याने जड झालेली असते, त्यामुळे थर मोडला की ती आपोआप खाली बसू लागते. वर उरलेला फेस आणि तरंगणारे कण काढून टाक. मग अजून तीन मिनिटं निवळू दे. लोकांना घाई होते ती याच तीन मिनिटांत, आणि मग दातांत कण येतात म्हणून पातेल्याला दोष देतात. ओतताना पातेलं एकदाच तिरकं कर आणि धार बारीक ठेव. मधेच सरळ केलंस तर बसलेला गाळ पुन्हा उठेल. शेवटचे दोन घोट पातेल्यातच सोडून दे.

चहाची गाळणी वापरलीस तरी चालेल, पण तिच्यातून बारीक भुकटी जातेच. अगदी नितळ हवी असेल तर सुती पांढरं फडकं घे. पहिल्या वेळी ते नुसत्या पाण्यात उकळून काढ, साबण लावू नकोस, कारण त्याचा वास कपात उतरतो. वापरून झालं की लगेच गरम पाण्याने खळबळून उन्हात वाळव. ओलं राहिलं तर कॉफीचं तेल त्यात खवट होतं आणि पुढची प्रत्येक कॉफी तशीच लागते.

दळणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे. या पद्धतीला पूड जाड रव्याएवढी हवी. बाजारातली फिल्टर कॉफीची पूड याहून बारीक असते आणि तिच्यात बहुधा चिकोरी, म्हणजे एका रोपाच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते. आपल्याकडे मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाच. दुधाच्या कॉफीला चिकोरीमुळे रंग आणि दाटपणा येतो, तिथे ती मला आवडते. कोऱ्या कॉफीत मात्र ती बियांची चव झाकून टाकते. हाताने फिरवायची चक्की मिळाली तर उत्तम, नसेल तर मिक्सरचं छोटं भांडं घे. आधी मूठभर तांदूळ फिरवून मसाल्याचा वास काढ आणि भांडं कोरडं पूस. मग बटण दोन-दोन सेकंदच दाब आणि मधे भांडं हलव. सलग फिरवलंस तर खाली पीठ आणि वर अख्खे तुकडे राहतात. पीठ कडवट होतं, तुकडे आंबट राहतात, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. त्यावर सोपा इलाज म्हणजे पूड पिठाच्या चाळणीतून चाळ. खाली पडलेली भुकटी टाकू नकोस, ती दुधात उकळायच्या कॉफीला ठेव. वर जायफळ किसणीवर दोनदा फिरवलं की आपली घरची कॉफी तयार. जायफळ त्याहून जास्त नको, नाहीतर तेवढंच लागतं.

चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदल. आंबट आणि पातळ लागली तर पाणी थंड होतं, पूड फार जाड होती किंवा वेळ कमी पडला. कच्च्या सुपारीसारखी जीभ ओढली गेली तर पूड फार बारीक होती किंवा पाण्याबरोबर उकळली गेली. चव बरी पण पाणचट असेल तर दळण आणि वेळ तसेच ठेवून फक्त पूड वाढव. आणि सगळं बरोबर करूनही कॉफी मंद, बोथट लागली तर पाण्याकडे बघ. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात. तेव्हा एकदा पिण्याचं दुसरं पाणी वापरून फरक बघ.

आता डोंगरावरचं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंश. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, ते ९४-९५ अंशांलाच उकळतं, म्हणून तिथे अर्धा मिनिट थांबायची गरज नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ते ८८ अंशांच्या आसपास असतं. तिथे पूड थोडी बारीक ठेव आणि पातेल्याला टॉवेल गुंडाळून सहा मिनिटं दे. गडावरच्या टाक्याचं पाणी आधी फडक्यातून गाळ आणि पूर्ण मिनिटभर उकळू दे, मगच त्यात पूड घाल.

निघायच्या आदल्या रात्री बिया दळ आणि वेळेगणिक मोजलेल्या पुड्या कर, दोघांना ३० ग्रॅमची एक. अंधारात, थंडीत चमचे मोजावे लागत नाहीत. दुधाची पावडर थेट उकळत्या कॉफीत टाकलीस तर गुठळ्या होतात, आधी कोमट पाण्यात कालवून घे. गुळाची हवी असेल तर गूळ शेवटी, कपात घाल. दुधाबरोबर उकळलास तर दूध फाटू शकतं.

छोट्या गॅसच्या शेगडीला वारा लागला की पाणी तापतच नाही. वाऱ्याच्या बाजूने दगडांचा आडोसा कर, पण शेगडीचा गॅसचा डबा चारी बाजूंनी झाकू नकोस, तो तापला तर धोका आहे. आणि कितीही थंडी असो, तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. कोंडलेल्या जागेत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो. अभयारण्यात उघडी आग पेटवायची नाही, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड हा सगळा भाग अभयारण्यातच येतो. जिथे चूल चालते तिथे पातेल्याला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा लेप दे, म्हणजे काजळी लेपाबरोबर निघून येते. झाकण घट्ट ठेव, नाहीतर कॉफीला धूर लागतो. चोथा टाक्याजवळ टाकू नकोस, त्याच रिकाम्या पुडीत भरून खाली आण.

सुरुवातीला कर्नाटकातल्या चिकमगळूर किंवा कोडगूच्या अरेबिका जातीच्या बिया घे, मध्यम भाजणीच्या, चिकोरीशिवाय. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच घे आणि २५० ग्रॅमच्या वर आणू नकोस. महिन्याभरात संपतील एवढ्याच बऱ्या. फ्रिजमध्ये नको, तिथला ओलावा आणि वास त्या ओढून घेतात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेव.

पहिल्या पाकिटाची चव कशी लागली ते कळव. आंबट का कडू एवढं सांगितलंस तरी पुढचं दळण कसं ठेवायचं ते लिहून पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश