या वेळी दिवसा येतोय

पुणे,
9 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. तब्येत ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे. जे लिहितोय ते फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून हा उद्योग. फोनवर आई रडायला लागते आणि बाबा ‘बरं, बरं, जेवलास का’ म्हणून फोन परत आईकडे देतात. पत्र तसं कुणाच्या हातात ढकलता येत नाही. ढकललंत तरी ते पुन्हा समोर येईल.

आधी मावशीचं सांगतो. तिने मला लाडक्या बहिणीचा फॉर्म भरायला सांगितला होता. खोटं वाटेल, पण खरंच. म्हणाली, “जुनं आधार असंलच की तुझ्याकडं. महिन्याला 1500 कुठं जात्यात?” मी म्हटलं, मावशी, मुलगी म्हणून जन्मलो तरी आता पुरुष आहे मी, दाढीचं काय करू? तर म्हणे फोटो जुना लाव. ज्या मावशीने मागच्या लग्नात ‘तू आलास तर पाहुण्यांत चर्चा होईल’ असा निरोप धाडला, तिला सरकारचे पैसे म्हटल्यावर मी पुन्हा मुलगी व्हायला हरकत नव्हती! आधार केव्हाच बदललंय असं सांगितलं, तेव्हा तिचा पुढचा प्रश्न होता, मग भावांना किती देत्यात?

मी पोट धरून हसलो. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. तिच्यासारखी माणसं मला परवडतात. ज्यांच्याशी जमत नाही ते वेगळे.

तुम्हाला दोघांना एवढंच माहीत आहे की ‘कागदपत्रं झाली’. कशी झाली ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. आता सांगतो. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याने त्याने स्वतः ठरवायचं, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करता येणार नाही. इतकं सरळ. मी तेव्हा कॉलेजात होतो. हॉस्टेलच्या टीव्हीवर बातमी आली तेव्हा पोरी टाळ्या वाजवून दाखवत हसत होत्या, मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो. मग त्यावर कायदा आला. बाबा, 5 ऑगस्ट 2019 आठवतोय? 370 कलमाचा दिवस. तुम्ही सकाळपासून टीव्हीसमोरून हलला नव्हतात, आईने चहा तिथेच आणून दिला होता. त्याच दिवशी, त्याच गदारोळात, लोकसभेने आमचं, म्हणजे ट्रान्सजेंडर लोकांचं, विधेयक मंजूर केलं. एकाही चॅनेलवर खाली पट्टीसुद्धा दिसली नाही. पुढे राज्यसभेत ते 26 नोव्हेंबरला, नेमकं संविधान दिनाला, पास झालं. देशभर आमची माणसं या विधेयकाविरुद्ध रस्त्यावर होती, तरी.

या कायद्यात कोर्टाने दिलेलं अर्धं परत काढून घेतलं. आता आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, प्रतिज्ञापत्र, मग ‘ट्रान्सजेंडर’ असा दाखला. त्यावर नुसतं ‘पुरुष’ लिहून हवं असेल तर ऑपरेशन करा, दवाखान्याचं पत्र आणा आणि पुन्हा अर्ज करा. बाबा, तुम्ही पुरुष आहात याचा दाखला कलेक्टर कचेरीतून कधी आणलात का? माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट. गावात तसा दाखला असलेला बहुतेक मी एकटाच पुरुष असेन.

मग राजपत्रात नाव, मग पॅन, बँक, आधार, मतदार यादी. एका खिडकीवरच्या बाईंनी माझा जुना फोटो बघितला, मला बघितलं आणि मागे वळून तिघांना हाक मारली. तिघं आले. फोटो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. कुणी शिवी दिली नाही, कुणी हसलंही नाही. नुसतं बघत होते, बाजारात आणलेल्या खोंडाकडे बघतात तसं. शेवटी त्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “अहो, सही करून टाका, दुपारची वेळ आहे.” काम झालं. त्या गृहस्थांचा मी आजही ऋणी आहे आणि त्या कचेरीसमोरून आजही जात नाही.

शाळेचा दाखला मात्र तसाच राहिलाय. शाळेत म्हणाले, रजिस्टरात एकदा नोंद झाली की झाली. तो लढा पुढे कधीतरी.

आता एसटीची गंमत, बाबांसाठी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझं आधार जुनंच होतं. आवाज फुटलेला, ओठावर मिशीची रेघ. कंडक्टरने वर न बघता विचारलं, “कुठं?” मी म्हटलं, अकलूज. त्याने टराटरा पूर्ण तिकीट काढलं आणि “पुढं सरका की भाऊ” म्हणून पुढे गेला. बाबा, तुम्ही आयुष्यभर त्याच पट्ट्यावर तिकिटं फाडलीत, पण कुणाला दुप्पट भाडं देऊन इतका आनंद झालेला तुम्ही बघितला नसेल.

तुम्ही मागे म्हणाला होतात, सिग्नलला टाळ्या वाजवतात त्यांच्यात तुझं काय काम? माझं त्यांच्यात काम आहे, बाबा. या देशात आमच्या जातकुळीला जे काही मिळालं ते त्यांनी मार खाऊन मिळवलंय. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यात हिजड्यांना गुन्हेगारांच्या रांगेत बसवलं, पोलिसांच्या वहीत नावं नोंदवायला लावली. पुढे कायदा गेला, पोलिसांची नजर गेली नाही. पण एक फरक आहे आणि तो कुणी बोलत नाही. घराने हाकललेल्या हिजड्यांना निदान गुरूचं घर असतं. भांडणं, हिशेब, दंड सगळं असतं तिथे, पण रात्रीचं अंथरूण असतं. माझ्यासारख्या, मुलगी म्हणून जन्मलेल्या पोराला घराबाहेर तसं काहीच नाही. आणि त्याला बहुतेक वेळा घराबाहेर हाकलतही नाहीत. आतच ठेवतात आणि स्थळ बघतात. आई, तुला माहीत आहे मी काय म्हणतोय. तू त्या बघण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पाहुण्यांना फोन करून ‘पोरीला कावीळ झालीय’ म्हणून सांगितलंस. बाबांना कदाचित हे आज कळत असेल. कावीळ नव्हती, बाबा.

आता देवाचं. आमच्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की अर्धनारीनटेश्वर येतोच. आई, तूही फोनवर म्हणालीस, वेळापूरचा देव तरी काय आहे, अर्धा पुरुष अर्धी बाईच ना. तुझा हेतू कळतो मला, आणि ते देऊळ मला आवडतं, गाभाऱ्यातला गारवाही आवडतो. पण मला देवाच्या वशिल्याने माणूस व्हायचं नाही. आपल्याकडे जोगत्याच्या पाया पडतात आणि त्यालाच भाड्याने खोली देत नाहीत. बारशाला हिजड्यांचा आशीर्वाद चालतो, हॉटेलात शेजारच्या टेबलावर त्या चालत नाहीत. पुण्यात खोली बघताना एका घरमालकांनी मला सांगितलं, “आम्हाला तुमच्याबद्दल फार आदर आहे हो, पण इथे फॅमिली राहतात.” आदर आणि डिपॉझिट दोन्ही परत घेऊन मी जिना उतरलो.

बाबा, दिवाळीत तुम्ही म्हणालात की आता सगळं मिळालं तुम्हाला, अजून आरक्षण कशाला. त्या दिवशी मी गप्प बसलो, कारण तुमचे मित्र शेजारी होते. मिळालं काय ते सांगतो. पोलीस भरतीचा फॉर्म भरताना पुरुष आणि स्त्री याशिवाय रकानाच नव्हता. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या दोघी त्यासाठी मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात गेल्या, मग सरकार मॅटच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात गेलं. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाने कान उपटले तेव्हा तो रकाना झाला. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 1 टक्का जागा ठेवल्या. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतो आणि अजून विचार करतोय.

आणि हे वाचायला तुम्हाला जड जाईल, पण वाचा. एखाद्या बाईवर अत्याचार झाला तर किमान 10 वर्षांची शिक्षा आहे. आमच्यावर झाला तर 2019 च्या कायद्यात 6 महिने ते 2 वर्षं. यावर्षी 1 जुलैपासून नवी न्याय संहिता आली, त्यात ‘अनैसर्गिक’ संबंधांचं जुनं 377 कलम पूर्णच गेलं. त्यातला जो भाग आम्हाला गुन्हेगार ठरवत होता तो 2018 मध्ये कोर्टाने आधीच काढला होता, ते उत्तमच झालं. पण जबरदस्तीविरुद्धचा भाग उरला होता, तोही आता नाही. बलात्काराचं कलम फक्त बाईसाठी आहे. म्हणजे ज्या दिवशी माझ्या दाखल्यावर ‘पुरुष’ असा शिक्का बसला, त्या दिवशी ते संरक्षणही गेलं. मी रात्री उशिरा घरी जाताना अजूनही मुठीत किल्ली धरून चालतो. सवय जात नाही आणि कायद्याकडे बघितलं तर जाऊही नये.

तुमचे पुढारी आमच्याबद्दल काहीच का बोलत नाहीत, याचं उत्तर साधं आहे. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात 4,87,803 माणसं होती, महाराष्ट्रात 40,891. यंदाच्या लोकसभेला तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार सुमारे 48 हजार, अख्ख्या देशात. जनगणनेत लहान मुलंही येतात आणि माझ्यासारखे कितीतरी पुरुष किंवा स्त्री म्हणूनच नोंद करतात, हे धरलं तरी पुढारी कशाला वळून बघेल? शिवीसाठी मात्र आमची आठवण सगळ्यांना येते. विरोधकाला बांगड्या भरा म्हणायचं, छक्का म्हणायचं, सभेत शिट्ट्या पडतात. यात डावे-उजवे सगळे आले, तुमचेही आणि माझेही.

पण तरंगफळ आपल्याच तालुक्यात आहे. 2017 साली तिथल्या लोकांनी ज्ञानदेव कांबळे यांना थेट सरपंच निवडून दिलं. तेव्हा तुम्हीच पेपर वाचून आईला म्हणाला होतात, “माणूस कामाचा असंल तर लोकं बघत न्हाईत.” मी आत झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होतो. जळगावकडच्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा महिला वॉर्डातला अर्ज बाद केला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, जानेवारी 2021 मध्ये कोर्टाने अर्ज घ्यायला लावला आणि त्या निवडून आल्या. गावाने दिलं, कचेरीने अडवलं. माझा अनुभवही फार वेगळा नाही. खेड्यातले लोक तोंडावर विचारतात, विचारून झालं की शेतावरच्या पाण्याचं बोलायला लागतात.

म्हणून ठरवलंय. 20 तारखेच्या विधानसभेच्या मतदानाला मी येतोय आणि दिवसा येतोय. अंधार पडल्यावर फाट्यावर उतरायचं, बांधाबांधाने मागच्या दाराने आत यायचं, पहाटेच्या गाडीने निघायचं, हे आता बंद. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई घरी पडताळणीला आल्या आणि नवीन नाव वाचून ‘हा कोण’ म्हणाल्या, तेव्हा बाबा, तुम्ही ‘आहे, आमच्याच घरातला आहे’ म्हणालात, हे आईने मला सांगितलंय. तुम्ही तिला सांगू नको म्हणाला होतात, तेही सांगितलंय.

तुम्ही स्वतः बूथवर एजंट म्हणून बसलेले आहात, तुम्हाला सगळं माहीत आहे. पहिला अधिकारी नाव आणि नंबर मोठ्याने वाचणार, एजंट आपापल्या यादीवर खूण करणार आणि चारही माना वर होणार. लोकसभेला मी याच भीतीने आलो नाही. या वेळी नाव माझं आहे, पुढे बापाचं नाव तुमचं आहे. पुरुषांच्या रांगेत कुणी काही बोललंच तर तुम्ही मध्ये पडू नका, माझं मी बघेन. पण सकाळी माझ्याबरोबरच निघा. आधी जाऊन येतो, तू मागून ये, असं करू नका. एवढंच मागणं आहे. जमत नसेल तर फोनवर स्पष्ट सांगा, राग धरणार नाही. मी तरी येणारच.

आई, बायका विचारतील. लांबलचक काही सांगत बसू नकोस. ‘पुण्याला असतो, मतदानाला आलाय’ म्हण. तेवढ्यावर भागत नसेल तर माझ्याकडे पाठव. छातीच्या ऑपरेशनच्या वेळी तू आली नाहीस पण लाडवांचा डबा पाठवलास, ते मी विसरलेलो नाही, दोन्ही विसरलेलो नाही. आणि मागच्या वर्षीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने माझ्यासारख्याला बाईशी लग्न करायची वाट मोकळी असल्याचं सांगितलंय, हे मावशीला कळू देऊ नकोस. उद्याच्या उद्या स्थळ घेऊन येईल.

मत कुणाला देणार ते विचारू नका. बाबांचं आणि माझं तिथे जमायचं नाही, ते नेहमीसारखंच राहू दे.

तुमचा,
मोठा मुलगा

ता. क. 19 ला स्वारगेटवरून सकाळची अकलूज गाडी धरतोय. आईच्या बीपीच्या गोळ्या इथून आणतो, चिठ्ठीचा फोटो पाठवा. मागच्या वेळचा हलला होता, ताकद 25 आहे की 50 ते दिसत नाही.