यादी मॉनिटरपासून सुरू करा

महोदय,

पहिल्यांदाच स्वतः संगणक जुळवणाऱ्यांसाठी सुट्या भागांच्या तयार याद्या हल्ली वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतूनही छापून येतात. त्यांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मॉडेल क्रमांकासह दिलेले असतात. रॅमपुढे मात्र नुसते '३२ जीबी', एसएमपीएसपुढे (यंत्राला वीज पुरवणारा भाग) नुसते '६५० वॉट', आणि मॉनिटरचे नावही नाही. ही यादी उलट्या टोकाने धरलेली आहे, असे आमचे मत आहे.

खेळ आणि काम दोन्ही एकाच यंत्रावर करायचे तर आधी पडदा ठरवावा. १९२० बाय १०८० वर (१०८०पी) प्रत्येक फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, २५६० बाय १४४० वर (१४४०पी) ३६.९ लाख, तर फोर-केवर ८२.९ लाख. हे ओझे ग्राफिक्स कार्ड वाहते. उलट १०८०पी आणि २४० हर्ट्झच्या (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर चुरशीचे ऑनलाइन खेळ खेळायचे असतील, तर दम लागतो प्रोसेसरला, कारण दर फ्रेमचा हिशेब आधी तो मांडतो. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डीसारखा ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) प्रोसेसर तिथे शोभतो. फोर-केवर सेकंदाला ६० फ्रेममध्ये समाधान मानणाऱ्याने तोच पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा.

'काम' हा शब्दही मोघम आहे. कोड कंपाइल करणाऱ्याला प्रोसेसरमध्ये जास्त कोअर (स्वतंत्र गणनाकेंद्रे) हवेत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड हवे, आणि क्यूडा या एनव्हिडियाच्या तंत्रावर चालणारे सॉफ्टवेअर असेल तर कार्ड एनव्हिडियाचेच लागते. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी इंटेल प्रोसेसरच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटचे 'एफ' अक्षर नीट पाहावे. एफ म्हणजे आतले ग्राफिक्स नाही, आणि ते नाही म्हणजे क्विक सिंक, ही व्हिडिओ उलगडणारी यंत्रणाही नाही. कॅमेऱ्यातून येणारे १०-बिट ४:२:२ एच.२६५ या प्रकारचे फुटेज टाइमलाइनवर अडखळत असेल, तर कित्येकदा कारण एवढेच असते. शिवाय ग्राफिक्स कार्ड बिघडले की एफवाल्या यंत्राचा पडदा काळाच. दोष कुठे आहे हे तपासायलाही दुसरे कार्ड आणावे लागते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत नावावर जाऊ नये. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते, खोक्यावर नाव एकच. कार्डाची मेमरी भरली की उरलेले टेक्स्चर मुख्य रॅममधून, स्लॉटच्या वाटेने आणावे लागतात. मग सरासरी फ्रेम रेट बरा दिसतो, पण खेळात मान वळवली की चित्र अडकते. १४४०पीसाठी आज नवे कार्ड घेताना ८ जीबी घेऊ नये.

आता रॅम. '३२ जीबी डीडीआर५' एवढ्याने काही कळत नाही; डीडीआर५ ही फक्त रॅमची पिढी. ६००० (वेग) आणि सीएल३० (उत्तर द्यायला लागणारे घड्याळाचे ठोके) अशी दोन्ही माहिती हवी. सीएलला २००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की विलंब नॅनोसेकंदात मिळतो: ६००० सीएल३० म्हणजे १०, तर ६००० सीएल४० म्हणजे १३.३. दोन्हींवर '६०००' ठळक छापलेले असते. आणि घ्यायच्या त्या १६ च्या दोन पट्ट्या, एकाच पाकिटातल्या. 'आता दोन, पुढे आणखी दोन' हा डीडीआर४ च्या काळातला हिशेब इथे लागू पडत नाही. रायझन ७००० मालिकेला दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. पुढे ६४ लागणार हे माहीत असेल तर सुरुवातीलाच ३२ च्या दोन घ्याव्यात. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डचे स्वतःचे मूळ सॉफ्टवेअर) जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचे. ते राहिले तर पाकिटावर ६००० असूनही रॅम ४८०० वर चालत राहते, आणि मालकाला पत्ताही नसतो.

मदरबोर्डवर फार शब्द खर्च करत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटला (प्रोसेसर बसवायची जागा) डीडीआर५ च लागते, इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारचे येतात आणि पट्टीची खाच वेगळी असल्याने एका प्रकारची रॅम दुसऱ्या बोर्डात बसत नाही. जुन्या साठ्यातला एएम५ चा बी६५० बोर्ड आणि रायझन ९००० अशी जोडी असेल, तर बायोस अपडेट केल्याशिवाय यंत्र सुरूच न होण्याची शक्यता असते. प्रोसेसर न लावता यूएसबीवरून बायोस भरण्याचे बटण बोर्डच्या मागे आहे ना, एवढे जरूर पाहावे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर घेणाऱ्यांनी तर बायोस आधी अद्ययावत करावा. जास्त व्होल्टेजमुळे ते कायमचे निकामी होत असल्याने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

सगळ्यात हेळसांड होते ती एसएमपीएसची. त्याच्या अंगावरचे लेबल वाचावे. त्यात १२ व्होल्टचा रकाना असतो. तिथे ४५ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले ४५, म्हणजे ५४० वॉट खऱ्या उपयोगाचे. खोक्यावर ५५० असून या रकान्यात ३० च अँपिअर असतील, तर ३६० वॉटच हाती लागतात, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. ५०६० टीआयचे १८०, रायझन ७ ७७०० चे कमाल ८८, बाकी सगळ्याचे ६० धरले तरी बेरीज ३३० च्या आसपास येते. चांगला ६५० वॉटचा एसएमपीएस इथे पुरून उरतो. ८५० वॉटचा आग्रह कशासाठी? '८० प्लस गोल्ड' हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. मॉड्युलर (केबल काढता येणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्या केबल कधीही वापरू नयेत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. प्लग मुकाट्याने बसतो आणि ड्राइव्ह जळते. मोठ्या कार्डांचा १६ पिनांचा कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे, फट दिसता कामा नये, आणि केबल तोंडापाशीच वाकवू नये. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याची प्रकरणे २०२२ मध्ये गाजली होती.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचे घ्यावे. पुढून बंद काच असलेले दिसते छान, पण आतला पंखा हवा ओढणार कुठून? कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मिलिमीटरमध्ये ताडून पाहावी. टॉवर कूलर सहज १५५ ते १६० मिमी उंच असतात.

जुळणी करताना होणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहते आणि प्रोसेसर काही क्षणांत ९५ अंशांवर जातो. बोर्डखाली एखादा स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा धातूचा खुंट) जास्तीचा राहतो आणि शॉर्ट होते. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा ८ पिनांचा प्लग राहिला, तर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. डीडीआर५ चे यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर मात्र काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. ते रॅमचे ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड आणि रॅमची आपसातली जुळवाजुळव, असते. घाबरून बटण दाबून बंद केले की ते पुन्हा पहिल्यापासून.

डिस्प्ले आल्यावरही दोन गोष्टी पाहाव्यात. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावली आहे ना. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट किती आहे. १६५ हर्ट्झचा मॉनिटर तिथे ६० वर धावताना सर्रास आढळतो.

आपले,
संगणक जुळणीचे काम करणारे दोन वाचक