विन्या, तुझी निळी वही अजून आहे का?

तळेगाव दाभाडे
१२ मे

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याच्या आदल्या वर्षीच्या पत्रालाही नाही. कारणं सांगत बसत नाही, तुला ती ठाऊकच आहेत. तब्येत बरी. गुडघा दुखतो, साखर आटोक्यात आहे. सुनीता मजेत.

परवा सकाळी टेकडीवर गेलो होतो. दक्षिणेच्या उतारावर, जिथे आपण झाडं लावली नव्हती. गेल्या महिन्याच्या अखेरीस तिथे वणवा लागला होता. आम्ही सातआठ जण रात्री अकरापर्यंत ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत होतो. बंड्याची एक चप्पल त्यात गेली. उरलेली चप्पल हातात धरून तो टेकडी उतरला आणि वाटेत भेटेल त्याला विचारत होता, "एका पायाची मिळेल का हो?" पन्नाशी उलटली तरी हा माणूस बदलला नाही.

तर परवा. उतार अजून काळाच आहे, पाय ठेवला की राख उडते. वळवाचा एक थेंब नाही. आणि त्या राखेतून वीतभरही नाहीत असे कोंब वर आलेले, पानं जेमतेम, आणि प्रत्येकावर नखाएवढी फुलं. एकदोन नाहीत रे, उतारभर. मी एका कोंबाच्या बुडाशी बोटाने माती उकरून पाहिली, तर खाली लाकडासारखं टणक खोड. वरचं सगळं जळून गेलेलं, आणि हे खाली जिवंत. मी तिथेच खाली बसलो. पँट काळी झाली म्हणून घरी बोलणी खाल्ली ती वेगळी. बसल्या बसल्या एकच गोष्ट मनात आली: हे विन्याला सांगायला हवं. सुनीताला सांगितलं तर ती म्हणाली, "छान". खरंच छान वाटलं तिला. पण बाकीचं तिला कसं कळणार? २००३ साली ती इथे नव्हतीच.

तुझ्या वाचनात आलं असेलच. आपल्या तळेगावातून एक नवी वनस्पती जगासमोर आली आहे. डायक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मंदार दातार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं वर्णन केलं, 'क्यू बुलेटिन' या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात ते छापून आलं, आणि २०२४च्या डिसेंबरात वर्तमानपत्रांतही आलं. कारवी, कोरांटी, अडुळसा यांच्याच कुळातली. ती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, चारचौघींसारखी. आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, वणवा जाऊन गेल्यावर, जमिनीखालच्या त्या टणक बुडख्यातून ठेंगणे कोंब काढून. हा दुसरा बहर थोडे दिवसच टिकतो, पण जास्त दाट असतो. फुलोऱ्याची ठेवण अशी की भारतात तशी दुसरी जात माहीत नाही, जवळची नातेवाईक आफ्रिकेत. आणि ही राहते कुठे, तर आपल्या गवताळ उतारांवर. मी परवा पाहिली ती हीच, असं छातीठोक म्हणत नाही. फोटो काढलेत, जाणत्यांना दाखवीन. पण आगीनंतर फुलणं हा जिचा स्वभावच आहे, अशी झाडं या उतारावर आधीपासून राहत होती, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि तू हेच म्हणत होतास. अगदी हेच.

२००३ साली, टेकडीवर झाडं लावायचं ठरलं तेव्हा. आपले सर कट्ट्यावर बसले होते, बंड्या फावड्याला दांडा ठोकत होता, आणि तू लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेनाने दोन खड्डे काढलेस. एका खड्ड्यात चेंडू. म्हणालास, "हा गवताचा खड्डा, हा झाडांचा. पाऊस तोच, माती तीच, पण चेंडू यातल्या कुठल्याही एकात आरामात बसू शकतो. एकदा ढकलून पलीकडे नेलास की आपण होऊन परत येणार नाही." मी म्हणालो, "गणितं घालत बसण्यापेक्षा चार खड्डे खरे खण." सगळे हसले. तूही हसलास, आणि दुसऱ्या दिवशी आला नाहीस. त्यानंतर अकरा महिने आपण बोललो नाही. माई गेल्या तेव्हा मी तुमच्याकडे आलो, तेव्हाही टेकडीचा विषय दोघांनी चुकवला.

तुझे ते दोन खड्डे पुढे मोठ्या लोकांनी साऱ्या पृथ्वीवर शोधले. कार्ला स्टेव्हर, सॅली आर्चिबाल्ड आणि सायमन लेव्हिन यांचा २०११ सालचा 'सायन्स'मधला लेख मी आता, चौदा-पंधरा वर्षं उशिराने, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. उपग्रहांनी मोजलेलं झाडांचं आच्छादन त्यांनी पावसाच्या आकड्यांसमोर मांडलं. मध्यम पावसाच्या पट्ट्यात त्यांना दोन गठ्ठे दिसले: एकीकडे विरळ झाडांची गवताळ राने, दुसरीकडे दाट जंगल, आणि मधल्या आच्छादनाची जागा जवळजवळ रिकामी. दोघांना वेगळं ठेवते ती आग. झाडांचं आच्छादन साधारण ४० टक्क्यांच्या वर गेलं की खालचं गवत सावलीने तुटक होतं, आगीला सलग वाट मिळत नाही, ती विझते, आणि मग झाडंच झाडं. त्याखाली गवत सलग राहतं, आग फिरत राहते, रोपं वर येऊ शकत नाहीत. हे वाचताना मला तुझा चेंडू दिसत होता. लग्नपत्रिका कुणाची होती रे? नंदूची ना? त्याचा मुलगा आता इंजिनिअर आहे.

तू २०१९ साली मला व्हॉट्सॲपवर काहीतरी पाठवलं होतंस, ते मी उघडलंही नव्हतं. गेल्या आठवड्यात शोधून काढलं. जगात ९० कोटी हेक्टरांवर आणखी झाडं वाढू शकतात आणि त्यात २०,५०० कोटी टन कार्बन मावेल असा तो गाजलेला लेख, आणि त्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी त्याला दिलेलं उत्तर, की हा आकडा जवळपास पाचपट फुगलेला आहे आणि त्यात जुनी गवताळ राने झाडांसाठी मोकळी जागा म्हणून धरली आहेत. गवताचा कार्बन बव्हंशी जमिनीखाली असतो, वरचं जळलं तरी तो खाली राहतो, हे तू खाली स्वतः टाइप केलं होतंस. पुढे लिहिलं होतंस, "रागावू नकोस." मी त्यावर अंगठासुद्धा पाठवला नाही. माफ कर.

एक गोष्ट सांगतो, ती तुला आवडेल. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचं एक संशोधन २०२५ साली आलं. पश्चिम महाराष्ट्राचे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष, असं आपण शाळेत शिकलो आणि मी ते वर्गात २५ वर्षं शिकवलं. या दोघांनी जुनं मराठी वाङ्मय काढलं, लोकगीतं, ओव्या, स्थळांच्या आख्यायिका, थेट १३व्या शतकापासूनच्या, आणि त्यांतली रानझाडं वेचली. ४४ जाती निघाल्या, त्यांतल्या २७ खास माळावरच्या. काटेरी, विरळ, उन्हाला सरावलेल्या. म्हणजे निदान ७५० वर्षं तरी इथे माळच आहे. ज्यांना कुणी पुरावा म्हणून विचारलं नव्हतं त्या धनगरांच्या आणि संतांच्या शब्दांतून हे निघालं, याचं मला फार अप्रूप वाटलं. पंढरपूरला माईंनी आपल्याला देवळात कान्होपात्रेच्या तरटीपाशी उभं केलं होतं, आठवतं? तू म्हणालास, "हे झाड इथलंच, माळावरचं." मी म्हणालो, "दर्शन घे आधी." माई दोघांवरही वैतागल्या. तरटी, बाभूळ, हिवर, तरवड. आपल्या डोळ्यांसमोर होतं सगळं.

आता खरी काळजी. दक्षिण उतारावर ५ जूनला दोन हजार रोपं लागणार आहेत. जेसीबी ठरला आहे. रोपं आलीसुद्धा, शाळेच्या मागच्या शेडमध्ये ठेवली आहेत, पाणी मीच घालतो. आठवीच्या मुलांनी खाऊचे पैसे जमवून शंभर रोपं घेतली, त्यांना आपापली नावं दिली. आणि समितीचा अध्यक्ष मी. फलकावर माझं नाव आहे. "एकही टेकडी उघडी नको", ही ओळही माझीच.

कसं सांगू रे त्यांना? "उघडी" हा शब्दच मला आता सहन होत नाही. कुसळी, पवना, मारवेल, रोशा, ते राखेतले कोंब, जूनमध्ये येणारी आषाढ आमरी, नशिबात असेल तर कंदीलपुष्प, दगडांच्या आडोशाला टिटवीची अंडी. हे सगळं ज्या जमिनीवर आहे तिला आपण उघडी म्हणतो. तळेगाव चाऱ्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं आणि आपणच गवताला पडीक म्हणतो. रविवारी बैठकीत मी नुसतं म्हटलं, "दक्षिण उतार यंदा सोडूया का?" शांतता पसरली. एक जण म्हणाला, "सर, आग लागते म्हणून तर लावायची." दुसरा म्हणाला, "सर थकलेत." कुणी वाईट मनाचं नाही. २००३ साली मी तुला जे म्हणालो तेच ते मला म्हणत आहेत, आणि माझ्यापेक्षा सौम्यपणे.

बरं, मी उद्या उठून म्हणू का, की आग चांगली? तेही मला येत नाही. तीन दिवसांपूर्वी त्याच राखेत मला चंडोलाचं घरटं सापडलं. त्याबद्दल लिहीत नाही. दरवर्षी कुणीतरी काडी ओढतं, कुठल्याही महिन्यात, हे काही त्या झाडाने मागितलेलं नाही. किती वर्षांनी, कुठल्या महिन्यात, केवढा तुकडा जळावा, याचा हिशेब कुणीतरी बसून मांडायला हवा, आणि तो मांडेपर्यंत मी वणवा लागला की डहाळी घेऊन धावणारच. मग लोक विचारणार, सरांना नक्की हवंय काय? दोन रात्री झोप नाही ती यामुळेच.

आणि आपली झाडं. उत्तर उतारावर गिरिपुष्प आता इतकं माजलं आहे की खाली वाट दिसत नाही. फेब्रुवारीत गुलाबी होतं सगळं, लोक फोटो काढायला येतात. खाली पाचोळा, बाकी काही नाही. मी परवा तिथे गुडघ्यावर बसून गवताची एक काडी शोधली. सापडली नाही. तोडा म्हणावं तर ज्यांनी लहानपणी पाणी घातलं त्यांची मुलं आता तिथे खेळतात. सरांच्या नावाचं झाड मधोमध आहे. ते तर मी कुणाला हात लावू देणार नाही, तूही म्हणू नकोस. त्यावर आपण आणखी अकरा महिने भांडू हवं तर.

तुझं काय चाललंय? धाकटी दहावीला होती ना? की झाली? वहिनींची बदली नागपुरातच झाली का? तुझ्या कॉलेजात नवे प्राचार्य आले ते कसे आहेत? सगळं लिही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. २००३च्या मे महिन्यात, आम्ही खड्डे खणायच्या आधी, तू सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन आखून गवत मोजत बसायचास. निळी वही, पुठ्ठ्यावर चहाचे डाग. उत्तर आणि दक्षिण, दोन्ही उतारांवरचे चौकोन. प्रत्येक चौकोनात काय होतं, किती होतं. आम्ही तुला "तलाठी" म्हणायचो. त्या वहीखेरीज उत्तर उतारावर आधी काय होतं याची नोंद जगात कुठेच नाही. माझ्याजवळ तर एक फोटोही नाही, होता तो खड्ड्यांचा. दक्षिण उतारावर मी आज तेच चौकोन पुन्हा मोजू शकतो, मुलांना घेऊन. मग बैठकीत बोलायची गरजच पडायची नाही, आठवीतली मुलंच दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवतील. त्यांच्या तोंडून ऐकतील लोक.

वही असेल तर पाठव. पोस्टाने नको, हरवेल. पानांचे फोटो काढून पाठव. तुझं अक्षर मला लागतं, अजून. आणि जमलं तर स्वतःच ये. बैठक २४ तारखेला आहे, रविवारी सकाळी ९ वाजता, शाळेत. सुट्टीच आहे ना तुला?

सुतळी मी आणून ठेवली आहे.

तुझा,
अण्णा

ता.क. बंड्याने नवी चप्पल घेतली. उरलेली जुनी टाकत नाही, म्हणतो विन्याला दाखवायची आहे.