मित्रास पत्र: आगोट, चतुर्थी आणि हप्ते

आंजर्ले, ता. दापोली
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण या आठवड्यात सुपारी उतरवायला माणूस मिळाला होता आणि तो मिळाला की आमच्याकडे बाकीची सगळी कामे थांबतात. घराचे कर्ज, गाडीचे कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी मिळून पगाराचा किती भाग आधीच गेलेला असतो हे तू लिहिलेस, आणि शेवटी, अगदी सहज लिहिल्यासारखे करून, "हे घरी अजून सांगितलेले नाही" असेही लिहिलेस. मला पत्रातले तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे लागले, कारण तीन वर्षांपूर्वी मी नेमका तिथेच होतो. तू सल्ला मागितला आहेस, पण मी आमचे काय झाले तेवढेच सांगतो. त्यातले तुझ्या उपयोगाचे तू निवडून घे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीचे काय झाले ते तू नंतर येऊन पाहिले होतेस. सुपारीच्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या, माड उन्मळले आणि माजघरावरचे निम्मे छप्पर शेजारच्या आगरात जाऊन पडले. फळबागांसाठी सरकारने हेक्टरी ५०,००० रुपयांची भरपाई जाहीर केली, पण आपल्याकडे हेक्टरात वाडी कोणाची असते? आमच्या १२ गुंठ्यांना त्या दराने ६,००० रुपये आले. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात, आणि छप्पर तर पावसाआधी हवे. म्हणून एका पतसंस्थेचे अडीच लाखांचे कर्ज काढले, १५ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, दरमहा ५,९४८ रुपये हप्ता. बँकेचे पीककर्ज खरे तर स्वस्त पडते. तीन लाखांपर्यंत ७ टक्के आणि वेळेवर फेडले तर त्यातही ३ टक्क्यांची सवलत, हे मला ठाऊक होते. पण आमचा सातबारा सामाईक आहे, त्यावर चुलत्यांची, आत्यांची आणि जे आता हयातही नाहीत अशांची मिळून चौदा नावे आहेत. त्या सगळ्यांच्या सह्या गोळा करण्यापेक्षा १५ टक्के परवडले.

हे कर्ज उघड होते, त्यामुळे त्याचा त्रास नव्हता. त्रास झाला तो नंतरच्या बारीकसारीक उचलींचा. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कार्ड वापरले. एका पावसाळ्यात वाण्याकडे उधारी थकली, मेहुण्याकडून ३०,००० आणले, हिच्या पाटल्या गहाण टाकून ९०,००० उचलले, आणि आंब्याच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामावर ४०,००० आगाऊ घेतले. यातले कार्ड सोडून बाकी सारे हिला माहीत होते. कार्डाची पत्रे मी कचेरीच्या पत्त्यावर मागवीत असे आणि दर महिन्याला २,१०० रुपये भरून आपण नियमित आहोत असे स्वतःला समजावीत असे. असे चौदा महिने चालले.

२०२२ ची दिवाळी उलटल्यावर त्यातले एक पत्र मुलाच्या शाळेच्या कागदांत मिसळून घरी आले. ती काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मुलाची एक अर्धी उरलेली वही घेऊन पडवीत आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सगळी देणी सांगा, मी लिहिते." पतसंस्था १,५६,०००, सोने ९०,०००, कार्ड ४२,०००, व्यापारी ४०,०००, मेहुणा ३०,०००, वाणी २३,४००. बेरीज ३,८१,४००. मला वाटले, आता रडणार. तिने दुसरा रकाना आखला आणि प्रत्येक नावापुढे व्याज विचारले. कार्डापुढे मी "महिना साडेतीन टक्के" म्हणालो तेव्हा तिने बारांनी गुणून ४२ लिहिले आणि पेन खाली ठेवला. २,१०० रुपयांपैकी १,४७० व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी सुमारे २६५, म्हणजे मुद्दल फिटत होते महिन्याला ३६५ रुपये! मी कारकुनी करतो, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासतो, आणि हा हिशेब मी एकदाही केला नव्हता. मग तिने पतसंस्था, सोने आणि कार्ड या तिन्ही ठिकाणचे वर्षाचे व्याज मिळवून ३६५ ने भागले. रोजचे १३६ रुपये आले. "म्हणजे आपण रोज कोणाला तरी १३६ रुपयांची मासळी खायला घालतो, आणि आपल्या पानात सुकट," एवढेच ती म्हणाली. त्या चौदा महिन्यांबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही. नंतर बोलली, आणि ते मी इथे लिहीत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट, घरी सांग. हे मी नीतीचा पाठ म्हणून लिहीत नाही. ज्याच्या हातून घरातला निम्मा खर्च होतो त्याला आकडाच ठाऊक नसेल, तर तुझी सारी काटकसर एका हाताने पाणी उपसण्यासारखी आहे.

कार्डाचे आम्ही महिन्याभरात संपवले. पाटल्यांबरोबर हिचा गोफ ठेवून बँकेतून आणखी ४२,००० घेतले, साडेनऊ टक्क्यांनी, आणि कार्डाची सारी बाकी एकरकमी भरली. रोजचे १३६ रुपये त्या एका दिवसात ९८ वर आले. एक कर्ज काढून दुसरे फेडणे म्हणजे टोपी फिरवणे, असे आई म्हणाली, आणि कार्ड हातात राहिले असते तर तिचेच खरे ठरले असते. म्हणून ते मी तिच्याच पानाच्या तबकातल्या अडकित्त्याने कातरले. प्लॅस्टिक सुपारीपेक्षा चिवट असते.

तू लिहितोस की बोनस आला की तो घराच्या कर्जात भरणार. तसे करू नकोस. घराचे कर्ज तुझ्या साऱ्या देण्यांत स्वस्त आहे. ते बदलत्या व्याजदराचे असल्याने वैयक्तिक कर्जदाराला ते मुदतीआधी फेडताना दंडही पडत नाही, म्हणजे ती वाट तुला केव्हाही मोकळी आहे. बोनस आधी कार्डात जाऊ दे. आणि गाडीचे कर्ज "फक्त ९ टक्के" असल्याचे तुला सांगितले गेले, ते ९ टक्के सरळ व्याजाचे आहेत. एक लाखावर तीन वर्षांचे २७,००० व्याज धरून छत्तीस हप्ते पाडले, म्हणजे महिना सुमारे ३,५२८ रुपये. पण दर हप्त्याला मुद्दल उतरत जाते, शेवटच्या वर्षी तुझ्याकडे त्या लाखातले थोडेच उरलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण लाखावर धरलेले असते. उतरत्या बाकीवर हिशेब केलास तर हाच दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. व्याज विचारताना ते उतरत्या बाकीवर की सरळ, हा एक शब्द जास्त विचारत जा.

आता ज्यासाठी हे पत्र लांबले ते सांगतो. हिशेबाची वही घातल्यावर पहिले चार महिने आम्ही सगळ्यांसारखेच वागलो. दूध अर्धा लिटर कमी केले, फिरायला जाणे बंद केले, आणि विजेचे मीटर शंभर युनिटांच्या आत राहील असे पाहिले, कारण शंभराच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला दुपटीहून जास्त दर लागे. महिन्याला सातआठशे रुपये वाचले आणि मे महिना येताच सारे पाण्यात गेले, कारण आगोट आली. तू पुण्यात राहून हा शब्द विसरला असशील. पावसाळ्याच्या तोंडाची बेगमी: डाळी, मिरची, मसाला, लाकूडफाटा, कौले चाळायची मजुरी, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून सुके बांगडे, जवळा आणि सोडे. त्यातून सावरतो न सावरतो तोच शाळा, आणि मग चतुर्थी. वहीची मागची पाने उलटून पाहिली तेव्हा दिसले की वाण्याची उधारी, मेहुण्याचे पैसे, व्यापाऱ्याची उचल, ही तिन्ही मे ते ऑगस्टच्या दरम्यानची होती. आमचा महिना कधीच तुटीत नव्हता. तुटीत होते ते वर्ष, आणि आम्ही मात्र चिमटा महिन्याला घेत बसलो होतो.

मग वर्षाचे सारे मोठे खर्च एका पानावर मांडले. आगोट १८,०००, चतुर्थी १४,०००, शाळा ९,०००, विमा ४,६००, घरपट्टी आणि किरकोळ ६,०००. एकूण ५१,६००, म्हणजे महिन्याचे ४,३००. माझा हाती येणारा पगार तेव्हा १८,२०० होता. हप्ता आणि हे ४,३०० पहिल्याच दिवशी बाजूला काढले की महिन्याला ७,९५२ उरत. त्यात चार माणसांचे घर, भात पाच महिने घरचे, नारळ घरचे. तंगी होती, पण ती बारा महिने सारखी होती आणि सारख्या तंगीची सवय होते. ते ४,३०० पोस्टातल्या वेगळ्या खात्यात जात. डोक्यावर १५ टक्क्यांचे कर्ज असताना पोस्टात पैसे साठवतोस म्हणून कचेरीत मला हसलेसुद्धा, आणि व्याजाच्या गणिताने त्यांचेच बरोबर होते. पण ते पैसे कर्जात भरले असते तर मे महिन्यात मी पुन्हा कोणाच्या तरी पायरीवर उभा असतो.

दुसरे ठरवले ते असे की पगारावर घर चालेल आणि वाडीचा पैसा घरात शिरणार नाही. सुपारी, नारळ, आंबा आणि हिचे कोकमाचे आगळ नि आमसुले यांचे जे येईल ते थेट सोन्याच्या कर्जात. वाडीचा पैसा एकदम येतो आणि एकदम आलेला पैसा आपल्याला श्रीमंत वाटायला लावतो. पूर्वी दर मे महिन्यात आमच्याकडे एखादी नवी वस्तू येई.

वाण्याच्या उधारीवर व्याज नव्हते, म्हणजे हिशेबाने ती शेवटी फेडायची. मी ती सर्वांत आधी फेडली. जुलैत रस्त्यावर दरड आली की चूल त्याच्याच दुकानावर पेटते. मेहुण्याचे हिने आपल्या पद्धतीने केले: दर भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर १०,००० चे पाकीट. पहिल्या वर्षी तो रागावला, दुसऱ्या वर्षी हसला, या वर्षी तिसरे दिले आणि ते खाते मिटले. व्यापाऱ्याची उचल मात्र दोन हंगाम पुरली. उचलीला व्याज नसते असे म्हणतात, पण ते पेटीच्या भावात असते. पैसे घेतलेले असले की तो सांगेल तो भाव. २०२४ मध्ये ती फिटली आणि नवी घेतली नाही. यंदा पहिल्यांदाच पेट्या आम्ही स्वतः भरून ओळखीच्या घरांत विकल्या. खटपट फार झाली, काही फळ वाटेत खराबही झाले, तरी पेटीमागे जवळजवळ दुप्पट हाती आले.

सर्वांत अवघड चतुर्थी गेली. चाकरमानी भाऊ-पुतणे मिळून पंधरावीस माणसे येतात आणि गावात राहणाऱ्याने खर्च करायचा, हा आमच्या घरचा अलिखित नियम. २०२३ च्या श्रावणात मी सर्वांना पत्र लिहिले की या वर्षी खर्च वाटून घेऊ. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. धाकट्या भावाने ६,००० पाठवले आणि "आधी का नाही सांगितलेस" म्हणून फोनवर भांडला. थोरल्या चुलतभावाला मात्र ते लागले; तो आरतीला येतो, प्रसाद घेतो आणि कामापुरते बोलतो. त्याचे मला वाईट वाटते, आणि तरी ते पत्र मी पुन्हा लिहिले असते.

यंदा २५ मे रोजीच मोसमी पाऊस तळकोकणात उतरला आणि लगोलग आमच्यावरही कोसळला. हिची आमसुले अंगणात अर्धवट वाळलेली होती, ती सगळी बुरसली. लाकूडफाटा भिजला. पूर्वीचे वर्ष असते तर त्या आठवड्यात मी नक्की कर्ज काढले असते. या वेळी पोस्टातून पैसे काढले, लाकूड दुसरे घेतले, आणि आमसुलांचे नुकसान सोन्याच्या खात्यात तेवढा भरणा कमी होऊन भरून निघाले. जुलैत पतसंस्थेचा साठावा हप्ता गेला. आता तोच हप्ता सोन्याकडे वळवला आहे. गोफ घरी आला, पाटल्यांवर ४६,००० बाकी आहेत, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्या हिच्या हातात असाव्यात असा अंदाज आहे.

तुझ्याकडे आगोट नाही, पण तुझेही वर्ष असेच खाचखळग्यांचे असेल: मुलीची फी, गाडीचा विमा, सोसायटीचा खर्च, लग्नकार्यातले आहेर. मागच्या दोन वर्षांत कार्ड कोणकोणत्या महिन्यांत जास्त वापरलेस तेवढे बघ. मग वहिनींना बरोबर घेऊन देण्यांची यादी कर आणि त्यातला व्याजाचा रकाना रिकामा न ठेवता मला पाठव. मी इथून हिशेब करून देतो, तेवढे मला आता येते. नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब ये. राहण्याजेवणाचा खर्च नाही, आणि हर्णैच्या लिलावातली मासळी आता आमच्याही पानात असते.

आईचा आशीर्वाद. हिचा वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू

ता. क. सोबत आगळाची एक बाटली पाठवली आहे. ती गेल्या वर्षीची आहे, यंदाची नव्हे.