‘पोटातले जंतू मारा’ म्हणजे कशाने मारा?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या कृषी पानावरचा ‘किडीच्या पोटातील जिवाणू मारा, कीड संपवा’ हा लेख दोनदा वाचला. किडींच्या आतड्यातल्या जिवाणूंवर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, तो विषय आपण घेतलात याबद्दल आभार. पण लेख ज्या पद्धतीने छापला, त्याने नुकसान होणार आहे, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आज सकाळी सात वाजता माझा एक जुना विद्यार्थी ते पान हातात घेऊन दारात उभा होता. त्याची पाच एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी आहे. म्हणाला, “सर, हे पोटातले जंतू माराचं औषध कोनतं हाय? दुकानात भेटते काय?” लेखात याचे उत्तर कुठेही नाही. दुकानात मात्र ते लगेच मिळेल. डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी, कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यासाठी अँटिबायोटिकच्या पुड्या विकल्या गेल्या आहेत, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. त्यातले स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचे औषध आहे. ते अळीसाठी पंपात घालून शिवारभर उडवायचे? लेखकाचा तसा हेतू नसेल. पण ‘मारा’ असे मथळ्यात लिहायचे आणि कशाने ते सांगायचे नाही, तर ती मोकळी जागा दुकानदारच भरणार.

शिवाय सल्ला उलटा पडू शकतो. २००६ मध्ये अमेरिकेत जिप्सी मॉथ या पतंगाच्या, झाडांची पाने खाणाऱ्या अळ्यांना अँटिबायोटिक खाऊ घालून त्यांच्या आतड्यातले जिवाणू घालवले, तेव्हा बीटीने, म्हणजे अळ्या मारायला वापरतात त्या जिवाणूने, त्या अळ्या मरेनाशा झाल्या. एक जिवाणू पोटात परत सोडला, तर पुन्हा मरू लागल्या. बीटीचे विष आतड्याची भिंत फोडते, आणि मग पोटातले नेहमीचे जिवाणू अळीच्या रक्तात शिरून तिला संपवतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना तंबाखूवरच्या अळीत तसे आढळले नाही, म्हणजे सगळ्या अळ्यांना हे लागू होईलच असे नाही. पुढे २०१७ मध्ये तर १२४ जातींच्या अळ्या तपासून असे मांडले गेले की बहुतेक अळ्यांच्या पोटात कायम वस्तीला असणारे जिवाणू जवळजवळ नसतातच. जे सापडतात ते पानाबरोबर आत आलेले आणि विष्ठेबरोबर बाहेर जाणारे. इतका वाद असलेल्या गोष्टीवरून शेतकऱ्याला ‘मारा’ म्हणून आदेश कसा देता येतो?

लेखात एके ठिकाणी ‘बोंडअळीच्या पोटातील बीटी जिवाणू’ असे छापले आहे. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले. अकरावीच्या पेपरात हे वाक्य आले असते तर मी लाल रेघ मारली असती. बीटी हा मातीत राहणारा जिवाणू. त्याचे विष तयार करणारे जनुक आपण कपाशीत घातले. गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली ती पोटात कुणी नवा पाहुणा आल्याने नव्हे. ते विष अळीच्या आतड्यातल्या ज्या प्रथिनाला चिकटते, त्याच्या जनुकात बदल झाले. असे बदल झालेल्या अळ्या तेवढ्या वाचल्या आणि त्यांचीच पैदास वाढली. त्यांना वाढायला आपण जागा दिली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटीचे पाकीट यायचे, बीटीने मरणाऱ्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून. ते किती जणांनी कडेने लावले? फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटलेली कपाशी, मार्चपर्यंत कुणी उभी ठेवली? हे सगळे सोडून दोष जिवाणूंवर ढकलला, की यंदाही फरदड ठेवायला आपण मोकळे.

जे संशोधन खरोखर मथळ्यात यायला हवे होते, ते लेखात शेवटच्या दोन ओळींत ‘जपानमध्येही असे प्रयोग झाले आहेत’ एवढ्यावर उरकले आहे. ते प्रयोग शेंगा शोषणाऱ्या ढेकणावरचे आहेत. आपल्या तुरीवर आणि चवळीवर लांबट, तपकिरी ढेकूण येतो ना, ज्याचे पिल्लू हुबेहूब मुंगीसारखे दिसते म्हणून आपण सोडून देतो, तोच. त्याच्या आतड्याच्या मागच्या भागात जिवाणूंसाठी बारीक कप्प्यांच्या दोन ओळी असतात. पण आईकडून त्याला जिवाणू मिळत नाहीत. प्रत्येक पिढीतले पिल्लू ते मातीतून नव्याने उचलते. फेनिट्रोथिऑन नावाचे कीटकनाशक पचवणारे जिवाणू शेतात फार थोडे असतात. २०१२ च्या त्या जपानी प्रयोगात तेच औषध शेतातल्या मातीत पुन्हा पुन्हा टाकल्यावर, प्रयोगशाळेत वाढवता येणाऱ्या जिवाणूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक हे औषध पचवणारे निघाले. त्या मातीत वाढवलेल्या ढेकणांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी ते पोटात घेतले, आणि हे जिवाणू पोटात असलेला ढेकूण त्या औषधाला तग धरतो हेही दिसले. ढेकूण स्वतः बदलला नाही. आपण फवारलेल्या विषाने मातीत जे वाढले, ते त्याने खाल्ले.

हे वाचून मला २०११ ची तूर आठवली. फेनिट्रोथिऑन आपल्याकडे शेतीत बंद आहे, पण त्याच गटातले दुसरे औषध मी तीन हंगाम एकाच वावरात, एकाच दुकानातून आणून मारत होतो. तिसऱ्या वर्षी ढेकूण हलेनात. मी दुकानात जाऊन औषध बनावट आहे म्हणून भांडलो. दुकानदार म्हणाला, डोस दीडपट करा आणि वर हे दुसरे मिसळा. मी मिसळले. डबा माझ्याच हाताने ओतला. पंप पाठीवर होता वीस वर्षे माझ्याकडे कामाला असलेल्या माणसाच्या. दुपारी दोनच्या सुमारास तो धुऱ्यावर बसला तो उठलाच नाही. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पाच दिवस दवाखान्यात होता. वाचला. त्याची बायको त्यानंतर आमच्या दारात आली नाही, आणि तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे गेली, तेव्हा मी पेपर उघडायचे टाळत होतो.

माझ्या वावरातली माती तेव्हा कुणी तपासली नाही. औषध का चालत नाही हे विचारायला शेतकऱ्यापाशी दुकानाशिवाय दुसरे दार नव्हते. आपला वार्ताहर नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जाऊन एवढे तरी विचारू शकतो: एकच औषध सतत मारलेल्या आपल्या काळ्या मातीत कोणते जिवाणू वाढतात, हे कुणी पाहते आहे का? त्या उत्तराला पान द्या, मी कात्रण जपून ठेवीन.

जाता जाता आणखी एक. लेखाबरोबर ‘गुलाबी बोंडअळी’ म्हणून जो फोटो छापला, ती हिरवी बोंडअळी आहे, तुरीवरची घाटेअळी. आणि लेखाला लागूनच कुठल्याशा टॉनिकची पाव पान जाहिरात, ‘सर्व किडींवर एकच उपाय’. लेखाचा मथळा आणि ती जाहिरात वाचणाऱ्याला एकच मजकूर वाटते. माझ्या विद्यार्थ्याला वाटलीच. तो त्याच बाटलीवर बोट ठेवून विचारत होता.

सध्या पात्या-फुले लागली आहेत, डोमकळ्या (आत बोंडअळी शिरल्याने न उमललेली फुले) दिसू लागल्या आहेत, लोक दर आठवड्याला पंप भरत आहेत. कृपया या आठवड्यातच, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खुलासा छापावा की अँटिबायोटिक फवारून बोंडअळी मरत नाही. तोवर पुडी आणू नकोस, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) रोज किती पतंग पडतात ते मोजून ये, असे त्या मुलाला सांगितले आहे. तो रविवारी येणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
आर्वी, जि. वर्धा